खेळ पुन्हां केव्हां सुरू करावा ?

या वर्षीं पहिल्या सत्रांत आमच्या शाळेच्या वक्तृत्वसभेपुढें एक ठराव वादासाठीं ठेवण्यांत आला होता : ‘जगभर साथ चालू असतां धंदेवाईक फुटबॉलचे सामने पुन्हां सुरू करणें सुरक्षित होतें.’ विषय मुलांनींच निवडला होता. दहावीच्या ज्या विद्यार्थ्यानें ठराव मांडला त्यानें मोठ्या आवेशानें असें प्रतिपादन केलें कीं, सन २०२० च्या उन्हाळ्यांत जर्मनी व इंग्लंड या देशांत सामने पुन्हां सुरू झाले, ते शेवटास गेले, विजेत्यांस चषक मिळाले, आणि मैदानावर कोणी मेला नाहीं. मग त्यांत असुरक्षित तें काय होतें? टाळ्या पडल्या. मतें घेतलीं तेव्हां ठराव मोठ्या बहुमतानें पसार झाला. अध्यक्षस्थान आमच्याकडे असल्यामुळें आम्हीं मत दिलें नाहीं. परंतु सभा संपवून घरीं जातांना त्या टाळ्या आमच्या कानांत घुमत राहिल्या, आणि ‘मैदानावर कोणी मेला नाहीं’ एवढ्यानें आमच्या मनाचें समाधान होईना. अध्यक्षास सभेंत जें बोलतां आलें नाहीं तें या वार्षिकाच्या पानांवर बोलावें, म्हणून हा लेख.

प्रथम घडलेल्या गोष्टी नीट पाहूं; कारण ज्यांनीं मतें दिलीं तीं मुलें त्या वेळीं प्राथमिक शाळेंत होतीं, व त्यांना त्या दिवसांची आठवण म्हटली म्हणजे बंद दारें, मोबाइलवरील वर्ग आणि वडील माणसांच्या चेहऱ्यावरील धास्ती एवढीच आहे.

इटलींत बर्गामो नांवाचें शहर आहे. तेथील आटालांटा क्लबाचा स्पेनमधील व्हॅलेन्सिया क्लबाशीं ता. १९ फेब्रुवारी २०२० रोजीं युरोपांतील श्रेष्ठ स्पर्धेचा सामना होता. तो मिलान शहरीं सान सिरो मैदानावर ठेवण्यांत आला, आणि बर्गामो व आसपासच्या गांवांतून सुमारें चाळीस हजार लोक गाड्या भरून तेथें गेले. आटालांटानें चार गोल केले. प्रत्येक गोलाबरोबर ओळखीच्या व अनोळखी माणसांनीं एकमेकांस मिठ्या मारल्या. दोनच दिवसांनीं त्याच प्रांतांतील कोदोन्यो या गांवीं स्थानिक लागणीचा पहिला रोगी सांपडल्याचें जाहीर झालें. मार्चमध्यें बर्गामोहून शवपेट्या लष्करी ट्रकांतून बाहेर न्याव्या लागल्या. व्हॅलेन्सिया क्लबानेंहि आपल्या खेळाडूंपैकीं व नोकरवर्गापैकीं सुमारें पस्तीस टक्के लोकांस लागण झाल्याचें त्याच महिन्यांत कळविलें. साथ या एका सामन्यानेंच पसरली असें म्हणणें धाडसाचें होईल. शिवाय त्या दिवशीं रोग अद्याप कोणाच्या नजरेस आला नव्हता. तेव्हां आनंद करावयास गेलेल्या त्या लोकांस दोष देणें हा अन्याय होय.

परंतु दुसऱ्या एका सामन्याविषयीं तसें म्हणतां येत नाहीं. ता. ११ मार्च २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें साथ जगभर पसरल्याचें जाहीर केलें. त्याच रात्रीं इंग्लंडांत लिव्हरपूल येथें सुमारें बावन्न हजार प्रेक्षकांसमोर लिव्हरपूल व आत्लेतिको माद्रिद या क्लबांचा सामना झाला. माद्रिदमध्यें त्या दिवशीं शाळा बंद झाल्या होत्या, व स्पेनमधील सामने प्रेक्षकांविना खेळावयाचे ठरलें होतें. तरीहि माद्रिदकडील सुमारें तीन हजार लोक लिव्हरपुलास येऊन त्या गर्दींत बसले. जें स्वतःच्या गांवीं पाहण्यास बंदी, तें परगांवीं जाऊन पाहण्यास मोकळीक ! दुसऱ्या दिवशीं आर्सेनल क्लबाचे प्रशिक्षक मिकेल आर्तेता यांस लागण झाल्याचें कळलें, आणि ता. १३ रोजीं इंग्लंडांतील खेळ थांबला. म्हणजे बावन्न हजार प्रेक्षकांच्या काळजीनें जो खेळ थांबला नाहीं, तो घरचा माणूस आजारी पडतांच थांबला. ही गोष्ट आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां पुन्हां सुरू करण्याची हकीकत. युरोपांतील मोठ्या देशांपैकीं हें काम प्रथम जर्मनीनें हातीं घेतलें. तेथील राष्ट्रीय संघाचे डॉक्टर टिम मायर यांच्या नेतृत्वाखालीं एका समितीनें योजना आंखली, व ता. १६ मे २०२० रोजीं रिकाम्या मैदानांवर सामने सुरू झाले. योजना पाहण्यासारखी होती. मैदानाच्या आंत व बाहेर मिळून सुमारें तीनशेंच माणसें; त्यांचे तीन विभाग; खेळाडूंची वारंवार तपासणी; बदली खेळाडूंनीं मुखपट्टी बांधून दूर दूर बसावयाचें; चेंडू जंतुनाशकानें पुसावयाचा; सामन्याआधीं हस्तांदोलन नाहीं, आणि गोल झाल्यावर मिठी नाहीं, कोंपरास कोंपर लावला कीं झालें. बरेच दिवस बसून राहिलेले खेळाडू एकदम धांवूं लागले तर दुखापती होतील, म्हणून आंतरराष्ट्रीय नियममंडळानें तिहींऐवजीं पांच खेळाडू बदलण्याची मुभा दिली. हा रोग मोकळ्या हवेंत कमी व बंद खोलींत अधिक पसरतो. म्हणून नव्वद मिनिटांच्या खेळापेक्षां कपडे बदलण्याची खोली, बसगाडी व हॉटेल यांसंबंधींचे नियमच अधिक महत्त्वाचे होते. मेच्या आरंभीं पहिल्या दोन श्रेणींच्या छत्तीस क्लबांत १,७२४ तपासण्या झाल्या, त्यांत दहा बाधित निघाल्या. पुढें जूनअखेर स्पर्धा पार पडली. इंग्लंडनेंहि ता. १७ जूनपासून उरलेले ९२ सामने असेच रिकाम्या मैदानांवर खेळवून संपविले.

येथवर आमच्या विद्यार्थ्याचा पक्ष बळकट आहे, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. मार्चमधील खेळ हा बेफिकिरीचा होता, व मेमधील खेळ हा विचाराचा होता. जे लोक ‘साथ म्हणजे सर्व बंद’ असें एकच सूत्र धरून बसतात त्यांच्याशीं आमचें जमत नाहीं. शास्त्र व शिस्त यांच्या साहाय्यानें धोका बराच कमी करतां येतो, हें त्या उन्हाळ्यांत सिद्ध झालें.

पण योजना कितीहि चोख असली तरी ती पाळावयाचीं तीं माणसेंच. ता. ४ मे रोजीं बर्लिनच्या हेर्था क्लबांतील सालोमोन कालू या खेळाडूनें स्वतःच घेतलेलें एक चित्रण बाहेर पडलें. त्यांत सोबत्यांशीं खुशाल हस्तांदोलन चाललें होतें. क्लबानें त्यास दूर केलें. पांच दिवसांनीं दुसऱ्या श्रेणींतील डायनामो ड्रेस्डेन क्लबाचे दोन खेळाडू बाधित निघाले, आणि नियमाप्रमाणें सगळा संघ चौदा दिवस घरीं बसला. इतर संघ खेळत असतां हे खोळंबले; मग सांचलेले सामने एकामागून एक घाईनें खेळून ते तिसऱ्या श्रेणींत उतरले. ते आधींच तळाशीं होते हें खरें. परंतु इतरांस जी विश्रांति व जी तयारी लाभली ती त्यांस लाभली नाहीं. ज्यांनीं आजार उघड केला व नियम पाळला, नुकसानहि त्यांनींच सोसलें. जेथें खरें बोलणारा बुडतो, तेथें पुढच्या वेळीं खरें कोण बोलेल ?

आमच्या मतें सगळ्या प्रश्नाचें मर्म येथें आहे. साथीच्या काळांत खेळाची सुरक्षितता तपासणीच्या नळींत नसते. ज्याला भीति वाटते त्याला ‘मी आज येत नाहीं’ असें निर्भयपणें म्हणतां येतें कीं नाहीं, यांत ती असते. इंग्लंडांतील वॉटफर्ड क्लबाचे कप्तान ट्रॉय डीनी यांनीं मेमध्यें सरावास येण्याचें नाकारलें. त्यांच्या पांच महिन्यांच्या मुलास श्वासाचा विकार होता, व आपण रोग घरीं नेऊं अशी त्यांना धास्ती होती. काळ्या व आशियाई वंशाच्या लोकांस या रोगाचा धोका अधिक कां, हेंहि त्यांनीं विचारलें होतें, पण उत्तर मिळालें नव्हतें. यावर लोकांनीं काय केलें ? त्यांस शिव्याशाप दिले, आणि त्या तान्ह्या मुलाचें वाईट चिंतणारेहि निघाले. शंकांचें निरसन झाल्यावर पुढें ते सरावास गेले. चेल्सी क्लबाचे एन्गोलो कांते यांसहि काळजी वाटली, तेव्हां त्यांच्या क्लबानें त्यांस कांहीं काळ घरीं राहूं दिलें. हें त्या क्लबास शोभणारेंच झालें. हे दोघे कीर्तिमान् व धनवान्. म्हणून त्यांना ‘नाहीं’ म्हणतां आलें, तरी एकाला त्याची किंमत द्यावी लागली. मग ज्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं असा मैदानाचा माळी, खेळाडूंचे कपडे धुणारी बाई, बसगाडी हांकणारा मनुष्य यांना तसें म्हणण्याची सोय कितपत असेल ?

दुसऱ्यांच्या क्लबांविषयीं एवढें लिहिल्यावर आमच्या हातून घडलेली गोष्ट झांकून ठेवणें बरें दिसणार नाहीं. वीसएक वर्षांपूर्वीं आम्ही नुकतेच शिक्षक झालों असतां एका शाळेंत फुटबॉलचा संघ आमच्या हवालीं होता. आंतरशालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या सकाळीं आमचा एक चपळ खेळाडू जवळ येऊन हळूच म्हणाला, “सर, अंग जरा गरम वाटतंय.” आम्हीं त्याच्या कपाळास हात लावला. कपाळ गरम होतें. आम्हीं म्हटलें, “खेळायला लागलास कीं सगळं जाईल.” तो पुढें कांहीं बोलला नाहीं. शिक्षकापुढें मुलगा काय बोलणार ? तो खेळला, त्यानेंच विजयाचा गोल केला, व ढाल आमच्या शाळेस मिळाली. त्या रात्रीं त्याला फणफणून ताप भरला. आठवड्याच्या आंत बोर्डिंगांतील आणखी सात मुलें इन्फ्लुएन्झानें अंथरुणास खिळलीं. तीं सर्व यथाकाल बरीं झालीं. परंतु बोर्डिंगांत भाकऱ्या करणारी एक वृद्ध बाई त्या मुलांना पेज नेऊन देत असे. तीहि आजारी पडली, आणि महिनाभर तिला उठवेना. ती रोजंदारीवर होती; त्या महिन्याची मजुरी तिला मिळाली नाहीं. तिनें फुटबॉलचा सामना जन्मांत पाहिला नव्हता. त्या वर्षींच्या वार्षिकांत ढालीसह संघाचें छायाचित्र छापलें गेलें, मध्यभागीं आम्ही बसलों होतों, व खालीं ‘सर्व खेळाडू सुखरूप परतले’ अशा अर्थाचें वाक्य होतें. तें वाक्य खोटें नव्हतें. पण तें अपुरें होतें, हें आम्हांस फार उशिरां उमगलें. कोणापासून कोणास लागण झाली हें आज सिद्ध करतां येणार नाहीं. परंतु कपाळास हात लावला तेव्हां आम्हीं ताप मोजला नाहीं, ढाल मोजली, एवढें मात्र निश्चित.

म्हणून ‘धोका कोणीं मोजावा ?’ हा प्रश्न आम्हांस मोठा वाटतो. इंग्लंडांतील स्पर्धा अर्धवट राहिली असती तर दूरचित्रवाणीच्या कंपन्यांस ७६ कोटी पौंडांपर्यंत रक्कम परत द्यावी लागेल, असे अंदाज त्या काळीं वर्तमानपत्रांतून येत होते. ज्याच्या तिजोरीवर एवढा घाला पडणार, त्याच्या हातीं तराजू दिला तर पारडें कोणीकडे झुकेल हें सांगावयास पाहिजे असें नाहीं. आमच्यापुढें एक ढाल होती तरी आमचा तोल गेला ! फ्रान्समध्यें हा निर्णय सरकारनें घेतला : ता. २८ एप्रिल रोजीं पंतप्रधानांनीं त्या हंगामाचा खेळ पुन्हां सुरू होणार नाहीं असें जाहीर केलें. तो निर्णय अति कडक होता असें पुष्कळांस वाटलें, व जर्मनीचें यश पाहतां त्या म्हणण्यांत तथ्यहि आहे. परंतु निर्णय घेणारा निराळा व लाभ घेणारा निराळा, ही रीत आम्हांस योग्य वाटते.

दुसरा प्रश्न तपासणीचा. जर्मनीच्या संघटनेनें सांगितलें कीं, आपणांस लागणाऱ्या तपासण्या देशाच्या एकंदर क्षमतेच्या ०.४ टक्क्यांहून कमी आहेत. जेथें भरपूर आहे तेथें थोडें घेतलें तर कोणाच्या तोंडचा घांस जात नाहीं. इंग्लंडांत मात्र वृद्धाश्रमांतील सर्व वृद्धांची व नोकरांची, लक्षणें असोत वा नसोत, तपासणी करण्याची घोषणा एप्रिलच्या अखेरीस झाली, आणि त्यानंतर तीन आठवडे भरण्यापूर्वींच फुटबॉलच्या क्लबांत ७४८ जणांची तपासणी झाली. त्यांत सहा बाधित निघाले. क्लबांनीं आपल्या पैशानें तपासणी केली, हें मान्य. परंतु दुष्काळांत विहिरीवर पैसेवाल्याची घागर आधीं भरावी काय, हा प्रश्न पैशानें सुटत नाहीं.

आपल्या देशांतहि हा प्रयोग झाला, आणि तो आपल्या शेजारीं गोव्यांत झाला. ता. १४ मार्च २०२० रोजीं इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना मडगांवच्या फातोर्डा मैदानावर प्रेक्षकांविना खेळला गेला. पुढील हंगाम ता. २० नोव्हेंबर २०२० पासून ता. १३ मार्च २०२१ पर्यंत सबंध गोव्यांतच झाला : फातोर्डा, बांबोळी व वास्को हीं तीन मैदानें, अकरा क्लब आणि ११५ सामने. खेळाडू हॉटेलांत राहात, तेथून मैदानावर जात व परत हॉटेलांत येत. बाहेरच्या जगाशीं संबंध नाहीं. त्या हंगामाचा चषक मुंबई सिटी क्लबानें जिंकला. कुंपण टिकलें, व तें उभारणाऱ्यांचें कौतुक केलेंच पाहिजे. परंतु पुढच्याच हंगामांत, जानेवारी २०२२ मध्यें, तशाच कुंपणांत रोग शिरला व कित्येक सामने पुढें ढकलावे लागले. तत्पूर्वीं मे २०२१ मध्यें, देशांत प्राणवायूसाठीं लोक दारोदार फिरत असतां, आय. पी. एल. चे क्रिकेटचे सामनेहि कुंपणाच्या आंत लागण सांपडल्यामुळें थांबवावे लागले होते. कुंपण हें भिंत नव्हे. त्यांतून स्वयंपाकी, धोबी, गाडीवाले यांस कामाकरितां जवळ यावेंच लागतें, आणि रोगहि त्याच वाटेनें आंत येतो व त्याच वाटेनें बाहेर जातो.

आमच्यावर येणारे आक्षेप आम्ही जाणून आहों. कोणी म्हणेल, खेळ हा हजारों लोकांचा पोटाचा धंदा. तो बंद पडला तर पहिली कुऱ्हाड गरीब नोकरावरच पडते. हें खरें आहे. एप्रिल २०२० मध्यें लिव्हरपूलसारख्या श्रीमंत क्लबानेंहि खेळाडूंखेरीज इतर कांहीं नोकरांच्या पगाराचा भार सरकारी मदतीवर टाकण्याचें जाहीर केलें, व लोकांनीं टीका केल्यावर दोन दिवसांत तो बेत सोडला. पण यावरून खेळ लगेच सुरू करावा असें निघत नाहीं. खेळ बंद असतां माळ्यास पगार द्यावा, एवढेंच निघतें. दुसरा कोणी म्हणेल, घरांत कोंडलेल्या, रोगानें गांजलेल्या लोकांस सामना पाहून दोन घटका विरंगुळा मिळाला. हेंहि खरें, आणि हा लाभ आम्ही क्षुल्लक समजत नाहीं. एकाकी म्हाताऱ्यास शनिवारचा सामना म्हणजे काय, हें त्यालाच ठाऊक. परंतु विरंगुळा कोणाच्या जिवावर, हें विचारण्याचा हक्क त्यामुळें संपत नाहीं.

तेव्हां आमचें मत थोडक्यांत असें. साथींत खेळ पुन्हां सुरू करूं नये असें नाहीं. तो चार अटींवर सुरू करावा. धोका मोजणारा मनुष्य लाभ घेणारा नसावा. खेळासाठीं लागणारी तपासणी व औषधें रोग्यांच्या वांट्यांतून घेतलेलीं नसावीं. नियम पाळून जो मागें राहील त्याचें नुकसान सर्वांनीं वांटून घ्यावें. आणि कप्तानापासून भाकऱ्या करणाऱ्या बाईपर्यंत प्रत्येकास, पगार व मान न गमावतां, ‘आज मी येत नाहीं’ असें म्हणतां यावें. या कसोटीस लावलें तर जर्मनी दोन अटींस उतरेल, इंग्लंड त्याहून कमी अटींस उतरेल, आणि आमचा ढालीचा सामना एकाहि अटीस उतरणार नाहीं.

ती साथ ओसरली. मे २०२३ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें, मैदानें पुन्हां भरलीं, व मुलें पुन्हां गळ्यांत गळे घालून गोल साजरे करूं लागलीं. तें पाहून आम्हांस आनंदच होतो. परंतु ताप दर पावसाळ्यांत येतोच, आणि सामनेहि दर वर्षीं येतातच. पालकांस आमची विनंति आहे कीं, मूल आजारी असेल त्या दिवशीं तें संघांत किती महत्त्वाचें आहे हें त्यांनीं विसरून जावें. विद्यार्थ्यांस सांगणें एवढेंच कीं, सोबत्यास ‘भित्रा’ म्हणण्यापूर्वीं त्याच्या घरीं कोण आहे तें आठवावें : कोणाची आजी असते, कोणाचा तान्हा भाऊ असतो. आमच्या संघांत आतां अशी रीत आहे कीं, एखादा मुलगा अथवा मुलगी ‘आज मी खेळत नाहीं’ असें म्हणाली तर त्या दिवशीं कारण विचारावयाचें नाहीं, आणि पुढच्या सामन्यांतील जागा राखून ठेवावयाची. या रीतीमुळें गेल्या वर्षीं एक सामना आम्ही हरलों, हें नमूद केलेलें बरें.

पुढील वर्षीं वक्तृत्वसभेनें हाच ठराव पुन्हां घ्यावा, अशी आमची सूचना आहे. मात्र ‘सुरक्षित’ या शब्दाच्या आधीं ‘सर्वांस’ हा एक शब्द घालावा, आणि मग मतें मोजावीं.